क्नोसॉसच्या ‘नागदेवी’ला देवी मानण्यास आधार कोणता?

वाळूघड्याळ

क्रीट या ग्रीक बेटावरील कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीच्या धर्मावर एक दीर्घ लेख लिहिण्याच्या तयारीत असताना मी एका प्रश्नापाशी अडकलो आहे. येथील जाणकारांनी त्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

क्नोसॉसच्या राजवाड्यात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांना १९०३ साली सापडलेल्या, उंचावलेल्या दोन्ही हातांत साप धरलेल्या, उघड्या छातीच्या आणि झालरींचा घागरा नेसलेल्या स्त्रीमूर्तीचे छायाचित्र क्रीटविषयीच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असते आणि त्याखाली ‘नागदेवी’ एवढेच लिहिलेले असते. मग ओघानेच पुढचे येते. क्रीटमध्ये एका महामातेची पूजा होत असे, साप हे तिचे पाताळाशी असलेले नाते, उघडी छाती ही सुफलतेची खूण, दुहेरी परशू हे तिचे चिन्ह, आणि तिच्या सोबतीला दरवर्षी मरून पुन्हा उठणारा एक तरुण देव.

मिनोअन लोकांची ‘लीनिअर ए’ ही लिपी अद्याप वाचता आलेली नाही. त्यांची एकही प्रार्थना, एकही दैवतकथा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. असे असताना एवढी तपशीलवार देवी उभी राहिली ती कशाच्या बळावर? ती मूर्ती देवीची आहे, पुजारिणीची आहे की नवस फेडायला आलेल्या एखाद्या भक्त स्त्रीची, हे ठरवण्याची काही कसोटी आहे काय? आणि सापाचा अर्थ खरोखर कितपत निश्चित आहे?

खापरवाचक

प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. उत्तराची सुरुवात मूर्तीपासून न करता ती ज्या खड्ड्यात सापडली तेथून करावी, असे मला वाटते.

राजवाड्याच्या पश्चिम भागात, सिंहासनाच्या दालनापासून फार दूर नसलेल्या एका खोलीच्या फरशीखाली दगडांनी बांधून काढलेल्या दोन मोठ्या कोठ्या सापडल्या. एव्हान्स यांनी त्यांना ‘मंदिर-भांडार’ असे नाव दिले. त्यांचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. १६०० च्या आसपासचा मानला जातो. या कोठ्यांत मूर्तींचे तुकडे होतेच, पण त्यांच्यासोबत वासराला पाजणारी गाय आणि करडांसह शेळी यांची फलके, उडते मासे, रंगवलेले शिंपले, स्त्रियांच्या पोशाखांच्या लहान प्रतिकृती, अर्पणाची पात्रे, मातीवरील मुद्रांचे ठसे आणि संगमरवराचा एक समभुज क्रूसही होता. मूर्ती, फलके आणि पोशाख फायेन्सचे आहेत. गारगोटीची पूड मळून, आकार देऊन भाजल्यावर तिच्यावर काचेसारखा चकाकता थर येतो, त्या पदार्थाला फायेन्स म्हणतात. ही कारागिरी राजवाड्याच्या कार्यशाळेतील आहे, गावातल्या कुंभाराची नव्हे, आणि अर्थ लावताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

यातील बऱ्याच वस्तू कोठ्यांत ठेवल्या गेल्या तेव्हाच फुटलेल्या असाव्यात, कारण मूर्तींचे सगळे तुकडे तेथे मिळाले नाहीत. नंतर कोठ्या भरून वर फरशी बसवण्यात आली. म्हणजे आपल्यासमोर आहे ते देवघर नव्हे. भूकंपासारख्या एखाद्या आपत्तीनंतर पवित्र वस्तू सांभाळून पुरून टाकल्याचा तो प्रकार दिसतो. एव्हान्स यांनी मात्र या वस्तू एका ओटीवर मांडून, मध्यभागी क्रूस आणि भोवती मूर्ती अशी रचना करून तिचे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते पाहणाऱ्याला वाटते की उत्खननात वेदीच अशी सापडली. ती मांडणी विसाव्या शतकातील आहे.

आता मूर्तींकडे वळू. मोठी सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्या हातांवरून, कमरेभोवती आणि उंच टोपीवर साप वेटोळे घालून आहेत. या मूर्तीवरचे साप निःसंशय साप आहेत. धाकटी सुमारे ३० सेंटिमीटरची, आणि आपण जिचे छायाचित्र पाहतो ती हीच. गंमत अशी की खुद्द एव्हान्स यांनी देवी म्हटले ते मोठीला. धाकटीला त्यांनी पुजारीण किंवा सेविका मानले होते. पुढे छायाचित्रांच्या लोकप्रियतेने तिला बढती दिली.

धाकटी सापडली तेव्हा तिला डोके नव्हते आणि डाव्या हाताचा बराचसा भागही नव्हता. उजव्या मुठीत पट्टेदार, पिळाच्या वस्तूचा तुकडा तेवढा होता. हॅल्वर बॅगे या डॅनिश चित्रकाराने डोके घडवले, हात पूर्ण केला आणि दोन्ही मुठींत साप दिले. टोपी आणि तिच्यावर बसलेले मांजरासारखे जनावर हे त्याच साठ्यातील सुटे तुकडे होते. ते याच मूर्तीचे असावेत, हा अंदाज आहे. मुठीतील वस्तू साप नसून पिळलेला दोर असावा, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. मला स्वतःला तो सापच वाटतो, कारण शेजारच्या मोठ्या मूर्तीवर साप आहेत. पण ‘वाटतो’ याच्या पुढे जाता येणार नाही. मोठ्या मूर्तीचाही खालचा भाग अशाच रीतीने जुळवावा लागला आहे. आज दोघी हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, आणि तेथे बारकाईने पाहिल्यास मूळ आणि नवा भाग यांतील फरक ओळखता येतो.

महामाता आणि तिचा मरणारा तरुण सोबती ही जोडी क्रीटच्या मातीतून आलेली नाही. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्या धर्मविषयक सिद्धान्तांचा तो जमाना होता. पश्चिम आशियातील दैवतकथा आणि उत्तरकालीन ग्रीक कथा यांच्या साच्यात एव्हान्स यांनी क्रीटचे पुरावे बसवले. एक देवी, तिची अनेक रूपे, हा त्यांचा आग्रह होता. मार्टिन निल्सन यांनी १९२७ मध्येच त्याला हरकत घेतली आणि मिनोअन लोकांना अनेक दैवते असावीत असे मांडले. १९६० च्या दशकात पीटर उको यांनी तर प्रागैतिहासिक स्त्रीमूर्ती म्हणजे मातृदेवी हे समीकरणच तपासायला घेतले. तरीही चित्राखालची ओळ बदलली नाही, याचे श्रेय मी प्रकाशकांच्या सवयीला देतो.

शिळाप्रेस

वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण लेखासोबत चित्रे द्यायची असतील तर ती उपयोगी पडेल.

१९०३ चा शोध गाजल्यानंतर प्राचीन वस्तूंच्या बाजारात सापवाल्या मूर्ती अचानक दिसू लागल्या. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात १९१४ पासून असलेली हस्तिदंत आणि सोन्याची देखणी मूर्ती त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. ती कोणत्या उत्खननातून आली याची कसलीही नोंद नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने १९२६ मध्ये विकत घेतलेली दगडी मूर्तीही अशीच, आणि तिच्याविषयीचा संशय बराच जुना आहे. टोरांटोच्या संग्रहालयातील मूर्तीचीही तीच कथा. केनेथ लॅपाटिन यांनी २००२ मध्ये या साऱ्या मूर्तींचा माग काढून त्या आधुनिक कारागिरांच्या असाव्यात, असे सविस्तर मांडले.

यातील खरा धोका असा की, या मूर्ती अस्सल समजून त्यांच्याच आधारे देवीचे वर्णन पक्के केले गेले. बनावट करणारा कारागीर ग्राहकाला हवे तेच घडवतो. त्यामुळे अशा मूर्ती एव्हान्सकालीन युरोपच्या अपेक्षांचा उत्तम पुरावा आहेत, मिनोअन धर्माचा मात्र नाहीत.

वाळूघड्याळ

दोघांचेही आभार. हे सर्व वाचल्यावर मला असे विचारावेसे वाटते की मग मिनोअन क्रीटमध्ये देवी होती, एवढे तरी म्हणता येते की नाही? मूर्ती फुटकी, डोके नवे, हातातले निम्मे आधुनिक, बाजारातल्या मूर्ती खोट्या. संशयाच्या या वाटेने गेल्यास हातात काहीच उरणार नाही, अशी भीती वाटते.

केशरवेल

हातात पुष्कळ उरते. खापरवाचक यांचा प्रतिसाद अचूक आहे, परंतु त्यातून निघणारा एकूण सूर मला थोडा जास्तच थंड वाटला, म्हणून दुसरी बाजू मांडते.

एखादी मूर्ती सुटी पाहिली तर ती देवी की भक्त हे सांगता येत नाही, हे खरेच आहे. क्रीटच्या डोंगरमाथ्यांवरील पूजास्थानांत याचे ढीगभर नमुने मिळतात. जॉन मायर्स यांनी १९०३ मध्ये पेट्सोफास येथे खणले तेव्हा मातीच्या पुष्कळ लहान मूर्ती मिळाल्या. कमरेला खंजीर लावलेले पुरुष, उंच शिरोभूषणाच्या आणि पसरट घागऱ्याच्या स्त्रिया, गुरे, भुंगे, आणि सुटे हातपाय. सुटे अवयव बहुधा आजार बरा व्हावा म्हणून वाहिलेले असावेत. यांतील स्त्रियांना कोणी देवी म्हणत नाही, कारण त्या छातीशी हात नेऊन कोणापुढे तरी उभ्या आहेत. ज्या स्थानी शेकडो सारख्या मूर्ती वाहिल्या जातात तेथे त्या वाहणाऱ्यांच्या असतात, हा तर्क सरळ आहे.

पण चित्रांत संपूर्ण प्रसंगच दिसतो, आणि तेथे कोण कोणाला वंदन करतो हे कळते. क्नोसॉसच्या मुद्रांच्या ठशांत एक दृश्य आहे: डोंगराच्या शिखरावर एक स्त्री हात पुढे करून दंड धरून उभी आहे, दोन्ही बाजूंना सिंह पुढचे पाय डोंगरावर टेकून उभे आहेत, मागे बैलाच्या शिंगांसारखी पवित्र शिंगे लावलेली इमारत आहे आणि समोर एक पुरुष नमस्काराच्या मुद्रेत आहे. हिला देवी न म्हणता आणखी काय म्हणणार? क्नोसॉसजवळील इसोपाता येथील थडग्यात सापडलेल्या सोन्याच्या अंगठीवर फुलांच्या कुरणात स्त्रिया नाचत आहेत आणि वर आकाशात एक इवलीशी आकृती तरंगते आहे. देवता प्रकट होण्याचा क्षण म्हणून बहुतेक अभ्यासक ते दृश्य वाचतात. तसेच थेरा बेटावरील आक्रोतिरी येथील भित्तिचित्र घ्या. क्रीटबाहेरचे असले तरी त्यावर मिनोअन कलेचा प्रभाव स्पष्ट आहे. मुली केशराची फुले वेचत आहेत, उंच आसनावर एक स्त्री बसली आहे, निळे माकड तिला केशर देत आहे आणि तिच्या मागे गरुडमुखी, सिंहदेही काल्पनिक प्राणी उभा आहे. माणसांच्या सेवेला असे प्राणी येत नाहीत. म्हणजे कसोटी आहे, फक्त ती चेहऱ्यात आणि पोशाखात नसून रचनेत आहे: आसनाची उंची, सेवेला असलेले प्राणी, आणि समोरच्याची मुद्रा.

पोशाखाविषयी सांगायचे तर उघड्या छातीची चोळी आणि झालरींचा घागरा थेराच्या भित्तिचित्रांतील साध्या मानवी स्त्रियांच्याही अंगावर आहे. केवळ त्यावरून सुफलतेची देवी ठरवणे म्हणजे आपला संकोच त्यांच्यावर लादणे होय. मात्र त्याच कोठ्यांत फायेन्सचे पोशाख वाहिलेले मिळाले आहेत, त्यामुळे त्या वेषाला विधीत काही स्थान होते हे नाकारता येत नाही.

देवी आणि पुजारीण यांतील भिंत मिनोअन लोकांना आपल्याइतकी पक्की वाटत होती काय, हाही प्रश्नच आहे. क्नोसॉसच्या सिंहासनाभोवती गरुडमुखी सिंह रंगवलेले होते. त्यावरून हेल्गा रॉयश यांनी १९५८ मध्ये असे सुचवले की त्या आसनावर राजा बसत नसून विधीच्या वेळी देवीच्या रूपात एखादी स्त्री बसत असावी. हे मान्य केल्यास ‘देवी की पुजारीण’ हा प्रश्नच काही प्रसंगी निरर्थक ठरतो.

आता साप. मिनोअन कलेत साप आश्चर्य वाटावे इतके कमी आहेत; बैल, पक्षी, आठपायी समुद्रप्राणी आणि लिलीची फुले कितीतरी जास्त. एव्हान्स यांनी घराचे रक्षण करणारा साप अशी कल्पना मांडली आणि तिच्या बळासाठी त्यांनी आधार घेतला तो नळकांड्यांसारख्या उभ्या मातीच्या पात्रांचा, ज्यांच्या दोन्ही बाजूंना वळणावळणाचे कान आहेत. ती पाळीव सापांची घरे समजली गेली. पुढे लक्षात आले की ती नैवेद्याचे वाडगे ठेवण्याची बैठक आहे. एमिली बॉनी यांनी २०११ मध्ये तर क्नोसॉसच्या मूर्तींची संकल्पना सीरियाच्या कलेतून उसनी घेतलेली असावी, असे मांडले. तरी एक धागा मला सोडवत नाही: गुर्निया येथील उत्तरकालीन देवळात हात वर केलेल्या मूर्तीच्या अंगावर पुन्हा साप आहे, आणि कानिया येथेही. क्नोसॉसच्या कोठ्या बंद झाल्यानंतर काही शतकांनी. त्याचा अर्थ पाताळ, पुनर्जन्म की घरचे रक्षण, हे ठरवणे आपल्या हातात नाही, पण साप आणि पूज्य स्त्री ही जोडी एव्हान्स यांची निर्मिती नव्हती, इतके म्हणता येते.

खापरवाचक

केशरवेल यांच्या रचनेच्या कसोटीशी मी पूर्ण सहमत आहे, आणि तिच्यामुळेच उत्तरकालीन मूर्तींकडे अधिक लक्ष द्यावे असे म्हणतो. इ. स. पू. १४०० नंतर राजवाड्यांची सद्दी संपत आली, तेव्हा लहान गावांच्या देवळांत एक नवीन प्रकार रुजला: चाकावर घडवलेला नळकांड्यासारखा घागरा, वर दोन्ही हात उंचावलेली स्त्री आणि डोक्यावर वेगवेगळी चिन्हे. गाझी येथील मूर्तीच्या कपाळावर अफूची तीन बोंडे आहेत, आणि त्यांवर चीक काढण्यासाठी देतात तशा चिरा दाखवल्या आहेत. ती सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे कोठ्यांतील मूर्तींच्या दुपटीहून अधिक. दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पक्षी, कोणाच्या शिंगे. या मूर्ती बाकावर मांडलेल्या, समोर नैवेद्याची बैठक, अशा अवस्थेत मिळाल्याने त्या पूज्य होत्या याविषयी शंका फार कमी. परंतु कार्फी किंवा कानिया येथे एकाच देवळात अशा अनेक मूर्ती आहेत. एक महामाता मानणाऱ्यांना ही गोष्ट पचवणे अवघड जाते. त्या निरनिराळ्या देवी होत्या, की एकाच देवीला निरनिराळ्या कुटुंबांनी वाहिलेल्या? मी पहिल्या पर्यायाकडे झुकतो.

त्याला कारण आहे. ‘लीनिअर बी’ ही लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली आणि क्नोसॉसच्या मातीच्या पाट्या बोलू लागल्या. त्यांतील भाषा ग्रीक आहे आणि काळ ग्रीसच्या मुख्य भूमीवरून आलेल्या मायसीनियन सत्तेचा, त्यामुळे त्या मिनोअन धर्माच्या थेट साक्षीदार नाहीत. पण स्थानिक दैवतांची आठवण त्यांत नक्कीच आहे. एका पाटीवर मधाच्या एका घड्याची नोंद ‘सर्व देवांना’ आणि तशाच दुसऱ्या एका घड्याची नोंद ‘लाबिरिंथच्या (चक्रव्यूहाच्या) स्वामिनीला’ अशी आहे. सर्व देव मिळून जेवढे, तेवढेच त्या एकटीला! दुसऱ्या पाटीवर अम्निसोस येथील एलेउथिया या प्रसूतीच्या देवीला मध दिल्याची नोंद आहे. स्वामिनी मोठी होती, पण एकटी नव्हती.

पुरुष देवांनाही विसरू नये. पालाइकास्ट्रो येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेली, पाणघोड्याच्या दाताची, सोन्याच्या पत्र्याची आणि काळसर दगडी केसांची सुमारे ५० सेंटिमीटरची तरुणाची मूर्ती मिनोअन कारागिरीचा कळस आहे. इ. स. पू. १४५० च्या सुमारास झालेल्या विध्वंसात ती फुटली आणि जळाली. ती एव्हान्स यांना मिळाली असती तर आज पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर कोण असते, असा विचार मनात येतोच.

केशरवेल

दुहेरी परशूविषयी मूळ प्रश्नात उल्लेख होता, तो राहूनच गेला. पश्चिम आशियात परशू वादळाच्या देवाच्या हाती असतो. क्रीटमध्ये तो पुरुष देवाच्या हाती सहसा दिसत नाही, स्त्रियांच्या सान्निध्यात दिसतो. त्याचा उपयोग समजण्यासाठी हागिया त्रियादा येथील चुनखडीच्या रंगीत शवपेटीपेक्षा चांगला पुरावा नाही. तिचा काळ इ. स. पू. चौदाव्या शतकाचा. एका बाजूला बांधलेला बैल मेजावर पडला आहे, त्याचे रक्त खालच्या पात्रात जाते आहे आणि मागे बासरीवादक उभा आहे. दुसऱ्या बाजूला एक स्त्री दोन उभ्या स्तंभांमधल्या पात्रात काहीतरी ओतते आहे. स्तंभांच्या टोकांवर दुहेरी परशू आणि परशूंवर पक्षी बसलेले. म्हणजे परशू येथे शस्त्र म्हणून नाही. तो बळीची आणि अर्पणाची जागा दाखवतो. निरू खानी येथे मिळालेले कांस्याचे परशू इतके मोठे आणि पातळ आहेत की त्यांनी काही तोडणे शक्यच नव्हते. पक्षी हे देवतेच्या आगमनाची खूण असावेत, असे बहुतेक मानतात. त्या शवपेटीच्या एका अरुंद बाजूवर गरुडमुखी सिंह जुंपलेला रथ आणि त्यात दोन स्त्रिया आहेत. त्या देवीच असाव्यात. बैलाच्या शिंगांसारखी जी दगडी शिंगे छपरांवर आणि वेदींवर लावत, त्यांनाही एव्हान्स यांनीच पवित्र ठरवले. काहींना ती इजिप्तमधील क्षितिजाच्या चिन्हाशी जवळची वाटतात.

शिळाप्रेस

चित्रांपुरते सांगतो. धाकट्या मूर्तीचे छायाचित्र द्यायचेच असेल तर मूळ भाग कोणता आणि नवा कोणता हे दाखवणारी आकृती सोबत छापावी. शक्य असल्यास मुख्य चित्र म्हणून गाझीची अफूच्या बोंडांची मूर्ती किंवा हागिया त्रियादाची शवपेटी घ्यावी, कारण दोन्हींची उत्खनन-नोंद स्पष्ट आहे. मिर्तोस येथील, इ. स. पू. २५०० च्या सुमाराची मातीची मूर्तीही विचारात घ्यावी. पीटर वॉरन यांनी १९६० च्या दशकात ती उत्खनन करून काढली. घंटेसारखे पोकळ अंग, लांब मान, आणि काखेत धरलेली एक लहान सुरई, जिच्या तोंडातूनच त्या मूर्तीत द्रव भरता आणि ओतता येतो. साप नाही, परशू नाही, सिंहही नाही. राजवाडे उभे राहण्याच्या कितीतरी आधी क्रीटच्या एका लहानशा वस्तीत लोक हिच्यासमोर काय ओतत होते, याची चर्चा पुढच्या लेखासाठी ठेवावी. बॉस्टनची मूर्ती घेतल्यास चित्राखाली ‘अस्सलपणा वादग्रस्त’ असे स्पष्ट लिहावे.